तीन गुंठे, चार काठ

डिसेंबर २०२३. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या ऑफिसात मामा आले ते हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन. पिशवीत खरेदीखत, सातबारा, लेआउटची झेरॉक्स आणि बिल्डरच्या पोराने छापलेलं रंगीत पत्रक: ‘तलावालगत, थंड हवा, मोकळा श्वास’. मामा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. माझ्या मावशीच्या सासरकडून लांबचं नातं, म्हणून मी मामा म्हणतो. ते मला साहेब म्हणतात, कितीदा सांगितलं तरी सोडत नाहीत.

“साहेब, प्लॅन काढा. खाली दोन खोल्या, वर दोन. मागं गच्ची, तळ्याकडं तोंड करून.”

प्लॉट हद्दवाढ भाग संपतो त्याच्याही पलीकडे, एका पाझर तलावाच्या पूर्व अंगाला. गावाचं आणि तळ्याचं नाव देत नाही. त्याच लेआउटमध्ये अजून वीसेक घरांचे व्यवहार अडकलेत. प्लॉटचं माप रस्त्याकडेला १५ मीटर आणि आत २० मीटर, म्हणजे ढोबळ तीन गुंठे. खरेदी एप्रिलमध्ये झालेली. मामांनी तेव्हा स्वतः पावलं मोजली होती: मागच्या हद्दीपासून पाणी दोनशेवर पावलं लांब. सोलापुरात तळ्याकाठची जमीन उन्हाळ्यात विकली जाते ती काही योगायोगाने नाही. त्या वेळी तळ्यात म्हशी बसतात तेवढंच पाणी असतं आणि उरलेल्या गाळपेरात कुणीतरी काकड्या लावलेल्या असतात.

मी विचारलं, “सांडवा कुठंय?”

“सांडव्याचं काय करायचंय? एनए झालंय की हो. लेआउट मंजूर आहे.”

हे खरं होतं. लेआउट २००८ सालचा, शिक्कामोर्तब, रस्ते आखलेले, ओपन स्पेस सोडलेली. पण २००८ मध्ये पाणथळ जागांचे नियमच नव्हते. केंद्राचे पहिले नियम २०१० मध्ये आले, ते बदलून सध्याचे २६ सप्टेंबर २०१७ ला. लेआउट मंजूर झाला म्हणजे जमिनीचा वापर ठरला. त्या जमिनीच्या कुठल्या भागावर भिंत उभी करायची हा प्रश्न प्लॅन दाखल करताना पुन्हा नव्याने उभा राहतो. मामांना हे पटायला तीन चहा लागले.

२०१७ च्या नियमातला नियम ४ बांधकामाबद्दल एका दमात सांगून टाकतो: गेल्या दहा वर्षांत दिसलेल्या पूरपातळ्यांची जी सरासरी येईल, त्या रेषेपासून ५० मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकाम नको, होड्यांचा धक्का तेवढा चालेल. ही दहा वर्षं नियम लागू झाले तिथून मागे मोजायची. ‘तळ्यापासून ५० मीटर’ हे सगळ्यांना पाठ असतं, अगदी जमिनीच्या दलालालाही. मधला ‘सरासरी पूरपातळी’ हा शब्द कुणी वाचत नाही. आमच्या प्रकरणाची सगळी गाठ त्याच शब्दात होती.

पण त्याही आधी एक पायरी होती. हे तळं नियमाच्या व्याख्येत बसतं का?

व्याख्येतून काही गोष्टी मुद्दाम वगळल्या आहेत: नदीचं पात्र, भातखाचरं, पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने बांधलेले तलाव आणि खास मत्स्यशेती, मीठ, करमणूक किंवा सिंचन यांसाठी केलेली बांधकामं. आता आपल्या जिल्ह्याकडे बघा. नैसर्गिक सरोवर असं आपल्याकडे जवळपास नाहीच. सिद्धेश्वर तलाव बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी भक्तांकडून खोदवून घेतला अशी परंपरा आहे. हिप्परग्याचा एकरूख तलाव इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात अडिला नदी अडवून बांधला, शेतीला आणि शहराला पाण्यासाठी. उजनी धरणच आहे. म्हणजे आपल्याकडची पाणथळ बहुतेक सगळी माणसाच्या हातची, आणि नियमाचा कागद काटेकोर वाचला तर निम्म्याहून जास्त यादी दारातूनच परत जाते. हिवाळ्यात हिप्परग्याला आणि होटगीला उतरणाऱ्या पक्ष्यांना मात्र हा भेद कुणी सांगितलेला नाही.

आमचं तळं १९७२ च्या दुष्काळातलं. पाझर तलाव. मामा तेव्हा दहा-बारा वर्षांचे होते आणि, हे मला साइटवर गेल्यावर कळलं, त्यांची आई याच बांधावर मातीच्या पाट्या वाहायला होती. “सुकडी मिळायची साहेब. मी इथं बसून खाल्लीय,” असं म्हणून त्यांनी पिचिंगचा, म्हणजे बांधाच्या दगडी अस्तराचा, एक दगड दाखवला. आता पाझर तलावाचा उद्देश सिंचन म्हणायचा का? तो कालव्याने पाणी देत नाही. पाणी जमिनीत मुरवतो, खालच्या विहिरींना पाझर फुटतो आणि विहिरींवर ऊस, ज्वारी होते. सिंचनच, पण वळसा घालून. दोन वकिलांना विचारलं, दोन उत्तरं आली. एकाचं म्हणणं ‘वगळलेलं आहे, बिनधास्त बांधा’, दुसऱ्याचं ‘खास सिंचनासाठी हे शब्द इथे लागू पडत नाहीत’.

दुसऱ्याच्या बाजूला आणखी एक वजन होतं. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने उपग्रहाच्या छायाचित्रांवरून देशभरातल्या पाणथळ जागांचा नकाशासंग्रह केला होता. त्यातल्या सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ जागांना २०१० च्या नियमांमधल्या नियम ४ च्या तत्त्वांनुसार संरक्षण द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. उपग्रहाला वरून पाणी दिसतं, ते कुणी कशासाठी बांधलं ते दिसत नाही. आमचं तळं भरल्यावर पंचवीस एकरांच्या घरात जातं, म्हणजे आकाराने सव्वादोन हेक्टरच्या कितीतरी वर. थोडक्यात, व्याख्या म्हणते कदाचित नाही आणि नकाशा म्हणतो कदाचित हो. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने प्रत्यक्ष जागेवर जाऊन या हद्दी तीन महिन्यांत तपासा असाही आदेश दिला. तोवर आमचं मोजमाप झालेलं होतं.

मी मामांना सांगितलं, नियम लागू आहे असं धरूनच चालू. ज्याची आयुष्यभराची पुंजी एका भिंतीत जाणार आहे त्याने वकिलाच्या ‘कदाचित’वर पाया घालू नये.

जानेवारीत ऑटोलेव्हल (पातळी बघायची दुर्बीण) आणि स्टाफ (उभी धरायची मापपट्टी) घेऊन आम्ही तिघं साइटवर गेलो. मी, माझा पोरगा (ऑफिसातला, घरचा नव्हे) आणि मामा. २०२३ चा पाऊस दगा देऊन गेला होता, तळ्याचा तळ दिसत होता, त्यामुळे चालायला सोपं. सांडव्याच्या माथ्यावर स्टाफ धरला. तिथे सिमेंट खरवडलेलं होतं, पण माथा पक्का, हलणारा नव्हता. पाझर तलावाला दरवाजे नसतात. पाणी त्या माथ्यापर्यंत चढलं की जास्तीचं बाहेर पडतं. म्हणून तीच पूर्ण संचय पातळी. ती पातळी आम्ही टप्प्याटप्प्याने फिरवत पूर्वेच्या अंगाला आणली आणि जमिनीवर चुन्याने रेष मारली. ती मामांच्या मागच्या हद्दीपासून ३८ मीटरवर आली.

मामा गप्प झाले. दोनशे पावलांचे ३८ मीटर झाले होते.

या भागातल्या जमिनीचा उतार आम्ही काढला तो ८० मीटरला १ मीटर असा. म्हणजे पाणी फूटभर चढलं तर काठ जवळपास २४ मीटर पुढे येतो. जिथे काठ उभा असतो, तिथे फूटभराने फारसं बिघडत नाही. इथे सपाट काळ्या रानात फूटभर म्हणजे एका प्लॉटची लांबी संपली. ५० मीटर हा आकडा वाचायला भक्कम वाटतो, पण रेषेच्या उंचीत वीत-दोन विती चूक झाली की तो आकडा निम्मा होतो किंवा दीडपट.

आता सगळ्या रेषा एकत्र मांडतो. चुन्याच्या रेषेपासून, म्हणजे सांडव्याच्या पातळीपासून ५० मीटर मोजले, तर बंदी मामांच्या प्लॉटमध्ये मागून १२ मीटर आत येते आणि रस्त्याकडे ८ मीटर उरतात. बांधाजवळच्या मारुतीच्या चौथऱ्यावर ऑक्टोबर २०२० च्या पावसाचा डाग आहे, गावातल्या तिघांनी वेगवेगळा दाखवला तरी एकाच जागी बोट ठेवलं. तो सांडव्यापेक्षा २५ सेंटिमीटर वर. म्हणजे काठ आणखी २० मीटर पुढे, प्लॉटपासून १८ मीटरवर. तिथून ५० मोजले तर अख्खा प्लॉट आत जातो, समोरचा रस्ताही.

आणि नियमात लिहिलेली सरासरी? इथे गंमत आहे. २००७ ते २०१७ या दहा वर्षांत हे तळं सांडव्याला किती वेळा लागलं हे कुठल्या वहीत लिहिलेलं आम्हाला सापडलं नाही. गावकरी म्हणाले तीन-चारदा. २०१२ कोरडं, २०१५ तर विचारूच नका, बाकी वर्षी कधी निम्मं कधी पाऊण. या सगळ्यांची सरासरी काढली तर ती सांडव्याच्या किमान अर्धा मीटर खाली जाते. अर्धा मीटर खाली म्हणजे काठ ४० मीटर मागे, प्लॉटपासून ७८ मीटर लांब. तिथून ५० मोजले तर मामांचा प्लॉट पूर्ण मोकळा, वर २८ मीटर शिल्लक!

दरवर्षी भरणाऱ्या पाणथळीचा विचार करून हा नियम बेतला असावा. तिथे दहा वर्षांची सरासरी भरलेल्या पाण्याच्या आसपासच येते. दुष्काळी मुलखात हाच शब्द उलटा चालतो. जितके दुष्काळ जास्त, तितका कागदावरचा काठ तळ्याच्या पोटात सरकतो आणि तितकी घरं पाण्याजवळ येऊ शकतात. मग एखाद्या वर्षी पाऊस येतो, आणि त्याला सरासरी माहीत नसते.

शेजारचा प्लॉट एका पद्मशाली कुटुंबाचा, अण्णांचे यंत्रमाग अशोक चौकाकडे. ते आमचा खेळ बघायला आले होते. त्यांचे व्याही हैदराबादला. अण्णा म्हणाले, “आमच्या पाहुण्यांकडं असं नाही सर. तिकडं एफटीएल म्हणतात, भरलेल्या तळ्यापासून तीस मीटर, मिटला विषय.” ते बरोबर बोलत होते. हैदराबादेत दहा हेक्टरांवरच्या तलावाला पूर्ण संचय रेषेपासून ३० मीटर आणि त्याहून लहानाला ९ मीटर असा हिशोब आहे. त्या मापाने मामांचा पूर्ण प्लॉट सुटला असता. बेंगळुरूला हरित लवादाने २०१६ मध्ये तलावांभोवती ७५ मीटर ठरवले होते, त्या मापाने पूर्ण प्लॉट गेला असता. ते ७५ मीटर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये रद्द केले. अंतर किती असावं यावर भांडता येतं, पण हैदराबादची रेष निदान जमिनीवर दाखवता येते: तळं भरलं की पाणी तिथे उभं राहतं. आपली रेष दहा वर्षांच्या न लिहिलेल्या नोंदींमध्ये आहे.

राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० पासून आपल्याकडे लागू आहे. ती नदीसारख्या मोठ्या प्रवाहापासून १५ मीटर, ओढ्या-नाल्यापासून त्याहून कमी अंतर सोडायला सांगते आणि निळी-लाल पूररेषा मानते. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही, निळी आणि लालच्या मध्ये जोतं उंच घेऊन चालतं. पण पूररेषा आखली जाते नदीची. बहात्तरच्या पाझर तलावाला कोण पूररेषा आखणार?

मामांनी शेवटी विचारलंच. “काय सांगूलालाव साहेब, एवढं सगळं? मी घर कुठल्या रेषेवर बांधू ते सांगा.”

मी सांडव्याची रेष निवडली. ती नियमातली शब्दशः रेष नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. सरासरीची रेष मामांच्या फायद्याची होती, पण ती सिद्ध करायला माझ्याकडे तीन म्हाताऱ्यांच्या आठवणींपलीकडे काही नव्हतं. पुराच्या डागाची रेष सर्वात सावध, पण नियम कमाल पातळी मागत नाही, सरासरी मागतो. नियम मागत नाही त्यापायी माणसाचा प्लॉट शून्य करायचा? सांडवा दोन्हींच्या मधला, आणि तो जागेवर आहे. उद्या कुणी तपासायला आलं तर लेव्हल लावून पाच मिनिटांत दाखवता येतो. मोजणीचा अर्ज भरला, तळ्याच्या संपादित क्षेत्राचे हद्ददगड शोधले (दोन सापडले, एक कुणाच्या तरी गोठ्याची पायरी झाला होता), क प्रत, म्हणजे मोजणीचा सरकारी नकाशा, आली. प्लॅनवर मी सांडव्याची पातळी, तिथून ५० मीटरची रेष आणि हद्ददगड हे तिन्ही दाखवले. मंजुरी मिळायला वेळ लागला, मिळाली.

उरले ८ मीटर. पुढे रस्त्याच्या बाजूला ३ मीटर सोडले, दोन्ही बाजूंना दीड-दीड. घर झालं १२ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद. मागे गच्ची नाही, पक्की भिंत नाही, तारेचं कुंपण आणि शेवगा. कायमस्वरूपी बांधकामात कंपाउंडची भिंत धरायची की नाही यावर वाद घालण्यापेक्षा तार स्वस्त पडली. मामांनी नकाशा बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “दोन एसट्या शेजारी-शेजारी लावल्यासारखं झालं की हो.” बायकोला सांगताना त्यांनी खोल्यांना ड्रायव्हर केबिन, पुढचं दार अशी नावंसुद्धा दिली.

२०२४ ला पाऊस चांगला झाला. तळं सांडव्याला लागलं आणि पाणी चुन्याच्या रेषेवर, म्हणजे चुना कधीच धुऊन गेलेला, पण आम्ही रोवलेल्या खुंटीपाशी येऊन थांबलं. मामांनी फोटो पाठवला. फोटोत खुंटी, तिच्या अलीकडे मामांची चप्पल. मला आनंद झाला हे कबूल करतो.

पायाचं काम त्या दिवाळीनंतर सुरू केलं. काळी माती खोल, तळ्याची ओल वर चढते, म्हणून माती काढून मुरूम भरला, जोतं जमिनीपासून ६० सेंटिमीटर वर घेतलं. आणि शोषखड्डा. तळ्याच्या बाजूला शोषखड्डा घेतला तर दोन तोटे: मैला तळ्यात झिरपतो आणि भूजल वर आलं की खड्डा शोषायचं थांबवून उलटा भरतो. म्हणून तो मी तळ्यापासून शक्य तेवढा लांब, पुढच्या अंगणात, रस्त्याकडेला घेतला. नियमाच्या दृष्टीने आणि तळ्याच्या दृष्टीने बरोबर जागा.

गाव नकाशा मी पाहिला होता. त्यात लेआउटच्या ईशान्य कोपऱ्यातून एक ओढा येतो आणि वळून तळ्याला मिळतो. २००८ मध्ये तिथे सिमेंटचा पाइप टाकून वरून रस्ता केलेला. ओढ्याची मूळ रेघ मामांच्या प्लॉटपासून ३५ मीटर लांब, म्हणजे नाल्यापासून सोडायच्या अंतरापेक्षा बरीच जास्त. मी फाइलवर ‘ओढा, अंतर पुरेसं’ असं लिहून पान उलटलं. दोन वर्षं माझी सगळी अक्कल पश्चिमेकडे लागली होती.

२०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला महापूर आला, जिल्हाभर पाणीच पाणी झालं. घराला तोवर छत पडलं होतं, रंग बाकी होता, मामा आणि मामी रात्री तिथेच झोपायला जात. पहाटे साडेपाचला फोन वाजला. मी पहिलं विचारलं, “पाणी खुंटीच्या किती पुढं आलंय?”

“खुंटी बुडलीय, पण तळं अजून लांब आहे. पुढनं आलंय साहेब.”

“पुढनं?”

“रस्त्यावरनं. ओढा आलाय. पाइप तुंबला वाटतं. रस्ताच ओढा झालाय. आत नाही आलं, जोत्याच्या दोन पायऱ्या खाली आहे. पण तुमचा तो शोषखड्डा दिसंना झालाय.”

सकाळी मी पोचलो तेव्हा अण्णा त्यांच्या प्लॉटवर गुडघाभर पाण्यात उभे होते, मामा पायरीवर. मी वहीत दोन मापं घेतली: घराच्या पुढे पाणी ३१ सेंटिमीटर, मागे शेवग्यापाशी जमीन कोरडी. शोषखड्डा आता मागच्या अंगाला हलवता येत नाही, तिथे तळं आहे. छतावर टाकी ठेवतात तसा बंद टाकीचा संडास करायचा ठरलंय, टँकर बोलावून उपसायचा. खर्च दरवेळी मामांचा, पहिल्या वेळचा मी देतो म्हटलं तर ऐकेनात. तिकीट ज्याचं त्यानेच काढायचं, म्हणाले.